सात तास

'कुत्रं दिवसाचे किती तास एकटं राहील?'
रकाना लहानसाच होता.
मी आधी नऊ लिहिले,
मग खोडून सात.

अठरा वर्षं मी मोटार विम्याचे दावे तपासते,
लोकांची खोडाखोड उजेडात तिरकी धरून वाचते.
ग्लेनिसने फॉर्म घेतला, तसाच तिरका धरला
आणि काही न बोलता
पट्ट्याचं टोक माझ्या मनगटाला गुंडाळलं.

कोयरी. कानाच्या कापलेल्या टोकावरून
नाव मीच ठेवलं.
दारुखान्यात, भंगाराच्या गोदामापाशी
सहा वर्षं बांधलेली. साखळी चार हात.
गोदाम विकलं गेलं तेव्हा यादीत
वजनकाटा होता, पंखे होते,
ती नव्हती.

आई सावंतवाडीहून फोनवर म्हणाली,
'तुका एक तुळस जगवूक जमली नाय.'
सोसायटीच्या तळवलकरांनी लिफ्टमध्ये विचारलं,
'भुंकते का?'
'अजून नाही.'
त्या 'अजून'वर ते दोन मजले विचार करत राहिले.

फ्रिजवर जुना मोबाइल उभा केला.
ऑफिसात एका खिडकीत
दुभाजकावर चढलेला टेम्पो, चार बाजूंनी फोटो,
दुसऱ्या खिडकीत ती.
भुंकत नव्हती, रडत नव्हती, काही कुरतडतही नव्हती.
सोफ्याच्या पायाशी उठायची,
चार हात चालायची
आणि मोकळ्या फरशीवर
जिथे साखळी ताणली गेली असती
नेमकी तिथे वळायची.

मी ते वर्तुळ फरश्या मोजून काढलंय.
दुसरं काय करणार,
अपघाताचे नकाशे काढायची सवय.

मग रोज सकाळी डबा भरता भरता
तिची वाटी एक वीत पुढे सरकवू लागले.
ती मागचे पाय आत ठेवून
मान लांब, लांब करून खायची.
शेवटी वाटी एवढी लांब गेली
की ती उपाशी बसली दिवसभर,
आणि मी कॅन्टीनमध्ये
समोरची इडली झाकून ठेवली.
दुसऱ्या दिवशी वाटी दोन विती मागे.
हरले म्हणा.

मार्चअखेरचा गुरुवार. तीन वीसला पाहिलं
तर चौकटीत सोफा, चटई, वाटी.
साडेतीनला सोफा, चटई, वाटी.
पावणेचारला मी कुरियनसाहेबांना सांगितलं,
'घरी बरं नाहीये.'
'कोणाला?'
तोवर मी जिन्यात होते.
रिक्षा अमर महालच्या सिग्नलला अडकली
आणि मी, नास्तिक बाई,
त्या लाल दिव्यालाच काहीतरी बोलून बसले.
दाराशी किल्ली उलटी लागली, दोनदा.

स्वयंपाकघरात रवा.
ओट्याखाली, फ्रिजखाली, पायपुसण्यावर,
किलोभर रवा,
आणि मधोमध ती, नाक पांढरं,
शिंकत.
सोफ्यापासून अकरा हात.

मला पाहून दचकली
आणि भुंकली.
पहिल्यांदा. जोरात. माझ्यावरच.
ही काय यायची वेळ झाली?
खालून तळवलकरांची खिडकी उघडल्याचा आवाज आला.

मी तशीच खाली बसले, ऑफिसच्या साडीत.
रव्याचे हात पुसून ग्लेनिसला फोन लावला.
म्हटलं, फॉर्ममध्ये एक दुरुस्ती आहे.
सात नाही, नऊ.
मार्चमध्ये दहासुद्धा.

पलीकडे पाचसहा कुत्री एकदम ओरडत होती.
ग्लेनिस त्यांच्यावर ओरडली, मग मला म्हणाली,
'ठाऊक आहे गं. सगळे सातच लिहितात.
खाल्लं का तिने?'

मी पाहिलं.
म्हटलं, अजून खातेय.